डाव्या हाताचा ब्रेक

बनीपार्कातल्या त्या घरात पहाटे आधी जातं जागं व्हायचं, मग मोर, मग माणसं. आक्काबाई जात्याशी बसून गुणगुणायच्या आणि पलीकडच्या खोलीत वेणी घालता घालता त्यांची सून चारुलता ऐकायची:

उजवा माझा हात, जगाला दाखवीते,
डाव्या हातानं बाई, जातं मी फिरवीते.

सासूबाई मूळच्या डावखुऱ्या. चारचौघांत जेवण वाढताना उजवा हात पुढे, एकट्या असल्या की डावा. चारुलताला त्याचं नवल राहिलं नव्हतं. सांगलीहून जयपुरात आलेल्या या सुनेचं ध्यान सध्या वेगळ्याच चाकात अडकलं होतं.

ते चाक तिच्या नवऱ्यानं, नीलकंठनं आणलं होतं, थेट फ्रान्सातून. वर्षभर तिकडे शिकायला गेला होता. लोक येताना अत्तर आणतात, यानं बोटीतून हिरवीगार बायकी सायकल आणली. चारुलता मुलींच्या कॉलेजात शिकवायची आणि रोज सकाळी टांग्याची वाट बघायची. टांग्यात बसली की ती सामानासारखी पोचायची. सांगलीत सायकलवर ती आपली आपण जायची, कानात वारा भरून.

आक्काबाईंनी सायकलीभोवती एक फेरी मारली, गाय पारखावी तशी.

"चालव बाई. मतलब, मी काही आडवी येणार नाही. पण इथं प्रत्येक खिडकीला जाळी आणि जाळीमागे डोळे. बाजारात पडलीस ना, की त्याच दिवशी ही माळ्यावर आणि तू टांग्यात."

चारुलतानं आनंदानं मान डोलावली. खोट एकच होती. ब्रेक उलटे होते. आपल्याकडे उजवी मूठ दाबली की पुढचं चाक धरतं आणि डावी दाबली की मागचं. हिचं सगळं उफराटं.

"तिकडे रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात," नीलकंठ म्हणाला. "रस्ता ओलांडून वळायचं तर डावा हात दाखवायचा. उरला उजवा. त्या हाताशी मागचा ब्रेक हवा, नाहीतर माणूस डोक्यावर."

"आणि मी इकडे उजवा दाखवणार. म्हणजे उरलेल्या डाव्यात पुढचा ब्रेक!"

"सवय होते गं. मला नाही झाली?"

"तारा अदलाबदल नाही करता येणार?"

"येतील की. पण ज्यानं बनवली त्यानं विचार करूनच बनवली असेल ना? हाताचं काय, शिकतो हात."

मग घरापुढच्या रस्त्यावर चारुलताचे पाढे सुरू झाले. डावा पुढचा, उजवा मागचा. तोंडाला पाठ झालं, मनाला झालं. हाताला कुणी विचारलं नाही.

फाल्गुनातली सकाळ होती. कडुनिंबाची पानं वाऱ्यावर गिरक्या घेत होती. परीटघडीची पांढरी साडी नेसून चारुलता निघाली, आणि चांदपोल दरवाजाच्या अलीकडे, जिथं उजवीकडे वळायचं, तिथं तिनं मोठ्या दिमाखात उजवा हात बाहेर काढला. तेवढ्यात गल्लीतून उंटगाडी आली. उंटाला कसली घाई! तो रस्ताभर आडवा.

मन ओरडलं, 'उजवा!' पण उजवा तर हवेत. डाव्यानं मग सांगलीत शिकला होता तेच केलं. मूठ आवळली. पुढचं चाक जागच्या जागी थिजलं आणि मागचं खोंडासारखं उधळलं.

रस्त्याकडेला दोन रंगारणी नागमोडी पट्ट्यांचं ओलं कापड, लहरिया, दोन टोकांना धरून वाऱ्यावर झुलवत होत्या. झोळीत बाळ पडावं तशी चारुलता त्यात पडली.

"बाईसा, लागी तो कोनी?" एकीनं घाबरून विचारलं.

लागलं नव्हतं. एक बांगडी फुटली होती आणि पांढरी साडी अर्धी पिवळी, अर्धी गुलाबी झाली होती.

"रंग तो चोखो चढ्यो!" दुसरी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. वरच्या जाळ्याही खुदखुदल्या. उंट तेवढा रवंथ करत गंभीरपणे बघत होता.

सायकल ढकलत ती परतली. फाटकातच नीलकंठनं तिला गाठलं. "कुणीतरी रंग उडवला म्हणून सांग. होळीचे दिवस."

"होळीला अवकाश आहे अजून."

"जयपुरात लवकर येते म्हणावं!"

पण चारुलता सरळ आत गेली. आक्काबाई गहू पाखडत होत्या.

"आई, पडले मी. भर रस्त्यात."

सूप थांबलं. "लागलं?"

"नाही."

"कशी पडलीस?"

चारुलतानं करूनच दाखवलं. उजवा हात लांब केला, डाव्याची मूठ आवळली. आक्काबाईंनी त्या डाव्या मुठीकडे निरखून पाहिलं.

"उजवा जगाला दाखवलास," त्या हळूच म्हणाल्या, "आणि डाव्यानं काम केलंस. मग चुकलं कुठं तुझं?" आणि आवाज चढवून, "नीळू! त्या तारा बदलायला किती वेळ लागतो रे?"

"पाव तास. पण आई, सवयीनं…"

"सवयीचं मला सांगतोस? डाव्या हातानं वाढलं म्हणून तुझ्या आजीनं माझा हात बांधून ठेवला होता. जन्म गेला, अजून उजव्यानं आमटी सांडते. आणि तू पाव तास वाचवायला हिचा हात शिकवायला निघालास? वस्तू वाकव की जरा!"

नीलकंठ पाना शोधायला गेला.

"पण आई, माळ्याचं?" चारुलतानं भीत भीत विचारलं.

"बाजारात पडलीस तर म्हटलं होतं. तू कापडात पडलीस."

दुपारी पानं मांडली. आक्काबाईंनी डाव्या हातानं आमटी वाढली. सगळ्यांनी पाहिलं. नीलकंठनं वाटी पुन्हा पुढे केली.

दुसऱ्या दिवशी चांदपोलच्या अलीकडे चारुलतानं उजवा हात बाहेर काढला, डाव्यानं मूठ दाबली. सायकल ऐकत्या गाईसारखी हळू झाली. रंगारणींनी तिला पाहताच लगबगीनं कापड उंच उचललं, ती हसली, आणि त्या गुलाबी मांडवाखालून वळताना तिच्या ध्यानात आलं की घरापासून आपण जात्यावरची ओवीच गुणगुणतो आहोत.