दोन पांढरे

"टाका की, कैलासभाऊ. चिंचोकं हायती, इंचू न्हाईत," सावित्राबाई म्हणाली.

कॅन्टीनच्या टेबलावर फोडलेल्या चिंचोक्याचे दोन अर्धे पडले होते. आतून पांढरे, पाठीवर तांबूस. भोवती साफसफाईच्या बाराजणी. सुपरवायझर कैलासच्या हातात पिवळं हेल्मेट, हेल्मेटात चिठ्ठ्या. नवलाख उंबरे गावाजवळच्या त्या कारखान्यात दर महिन्याला एका कंत्राटी बाईला ब्रेक द्यायचे. जिचं नाव निघेल ती महिनाभर बिनपगारी घरी. चिठ्ठ्या कैलास घरून लिहून आणायचा, काढायचाही तोच.

सात महिने झाले. सातही वेळा नाव ठाकरवाडीतल्याच बाईचं.

वाडीच्या बाया म्हणायच्या, नशीब. एकीने अंगारा आणला, दुसरीने कोंबडं कबूल केलं. नशीब हा शब्द ज्याने काढला त्याला कधी ब्रेक मिळाला नसणार.

वाडीचीच सावित्राबाईही नशिबालाच बोल लावायची. ब्रेक मिळाला की नात करिष्माची शाळेची जीप बंद व्हायची. मागच्या खेपेला पोर घरात बसून चिंचोके फेकत होती. आठवीच्या बाईंनी खेळ दिला होता: दोन टाका, शंभर वेळा टाका, रेघा ओढा. दोन्ही पांढरे सव्वीस वेळा आले.

"चारात एकदा येतात गं आज्जे, साधारण."

"आन् लागोपाठ सात बार?"

"टाकून बघ की!"

आजीने रविवारचा अख्खा दिवस टाकून बघितलं. भाकरी करपली. लागोपाठ तीनच्या पुढे पांढरं सरकेना. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाराजणींत वाडीच्या तिघी. म्हणजे वाडीचं नाव निघणंही चारात एकदाच!

"सात बार सलग दोनी पांढरं पाडा," ती आता म्हणाली. "म्या आपल्या पायानं घरी जाते."

"मावशी, हा काय जुगार मांडलाय?"

"जुगार तुमी मांडलाय सात म्हैनं. आमाला आज डाव कळला."

बाराजणी बघत होत्या. कैलासने हसत चिंचोके टाकले. दोन्ही पांढरे.

"गेली बघा मावशी!" गावातली स्नेहल खिदळली. तिला सात महिन्यांत एकदाही ब्रेक नव्हता, आणि का नाही हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"येनारच. चारात एकदा येतंयच. टाका, अजून सा."

पुन्हा दोन्ही पांढरे. सावित्राबाईने पदराला हात पुसले, पण मान खाली घातली नाही.

तिसऱ्यांदा एक पांढरा, एक तांबूस.

"पयल्यापासनं," ती म्हणाली.

कैलासने टाकले. तांबूस, तांबूस. पुन्हा टाकले. अकराव्या खेपेला त्याचे कान लाल झाले. त्याने चिंचोके ढकलून दिले. "बास! लय झालं!"

तेवढ्यात स्नेहलने, तिचं हसू आता मावळलं होतं, हेल्मेट ओढून टेबलावर उपडं केलं. एकेक चिठ्ठी उलगडली. बारा चिठ्ठ्या, नावं तीनच, तिन्ही वाडीची. चार वेळा सावित्रा.

कैलास मोबाइल कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजलाच नव्हता.

"आज मी लिहिते," स्नेहल म्हणाली. वहीचं पान फाडून तिने बारा नावं लिहिली, आपलं सगळ्यांत आधी. डोळे मिटून हेल्मेटात हात घातला. चिठ्ठी उघडली आणि लगेच परत दुमडली.

"वाच की गं," सावित्राबाई म्हणाली.

"मावशी... परत काढू?"

सावित्राबाईने चिठ्ठी घेतली. आपलं नाव तिला वाचता येत होतं.

"परत काढलीस तर तुझ्यात आन् त्याच्यात काय फरक? बारात एक चिठ्ठी माजी व्हतीच की."

"पण करिष्माची जीप—"

"तिला कळंल. तिनंच शिकिवलंय."

तिने डबा पिशवीत टाकला, गेटपास काढून टेबलावर ठेवला. दारातून मागे आली आणि दोन्ही चिंचोके हेल्मेटात टाकले.

"ऱ्हाऊ द्या हितंच. फुडल्या म्हैन्याला लागत्याल."

ती गेटाकडे ताठ चालत निघाली. स्नेहलने हेल्मेटात वाकून पाहिलं. एक पांढरा, एक तांबूस.