चेहरा येईपर्यंत

"सोडा आता, झाली वेळ," मॅडम म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "अहो, चेहरा सोडा! अजून धरूनच ठेवलाय तुम्ही."

वर्गात हशा पिकला. कोरा चेहरा ठेवून समोरच्याकडे नुसतं बघत राहायचं, एवढंच काम होतं. जोडीजोडीनं बसून आम्ही त्याचा सराव करत होतो आणि बाकी कुणालाच ते जमलं नव्हतं. माझ्यासमोर ड्रायव्हरकाका होते. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवून मधल्या वेळात अर्धवट सुटलेली पदवी पुरी करायला येणारे. त्यांनी सुरुवातीलाच फिस्सकन हसून हात वर केले होते.

"मॅडम, ही ताई माणूस नाही, भिंत आहे," ते म्हणाले. "मला तर आमच्या साहेबांसमोर रजा मागायला उभा असल्यासारखं झालं."

"तुम्हाला जन्मजातच येतंय की हे," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "मग ठरलं. बाळासमोरच्या प्रात्यक्षिकाला तुम्हीच. बाळही घरचंच आहे."

सगळे हसले म्हणून मीही हसले. पण ते हसू यायला जो किंचित उशीर झाला, तो मला जाणवला. बंद खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवावी, तसं आत काहीतरी झालं.

'प्रेरणा आणि भावना' हा विषय मी घेतला तो सोपा वाटला म्हणून. लग्न आणि मागोमाग बाळंतपण यात शेवटचं वर्ष राहून गेलं होतं. माझी लेक, चिमणी, बसायला लागली तशी मी कॉलेजात पुन्हा नाव घातलं. सुरुवातीचे आठवडे मजेत गेले. भूक, तहान, झोप. "मॅडम, मला भूक लागलीये आणि त्याचा रागही येतोय, तर हे पहिल्या भागात लिहू की दुसऱ्या?" असं काका विचारायचे. मग भावना सुरू झाल्या आणि वर्ग हळूहळू गप्प होत गेला. खरं हसू डोळ्यांपर्यंत पोचतं आणि खोटं ओठांवरच थांबतं, हे शिकल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी ठरलेल्या नवऱ्याचे फोटो मोठे करकरून बघत बसायला लागली. काका सिग्नलला थांबले की स्वतःची नाडी बघायचे. आणि मी घरी जाऊन आईचा चेहरा बघायला लागले.

आई रोज दुपारी चिमणीला सांभाळायला येते. येताना शिंप्याकडचे शर्ट पिशवीत घालून आणते. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली. हातानं, बारीक, एकसारखी. बोलणं मुळातच कमी. मी घरातून निघताना ती चिमणीला घेऊन दारात उभी राहायची आणि मी जिन्यात थांबून कानोसा घ्यायचे. ती तिच्याशी बोलतेय का? हसतेय का? काही ऐकू आलं नाही की माझे पाय जड व्हायचे. वर्गात मॅडम काहीतरी सांगत असायच्या आणि माझं अर्धं डोकं घरी असायचं.

कारण लहानपणची आई मला आठवते ती खिडकीशी बसलेली. मांडीवर शर्ट, सुईत दोरा ओवलेला, आणि हात थांबलेला. मी तिच्यासमोर नाचायचे. डोक्यावर पातेलं घालून यायचे, जीभ काढायचे, मुद्दाम धपकन पडायचे. ती माझ्याकडेच बघत असायची आणि तरी बघत नसायची. "आई दमलीये, जा खेळ जा," बाबा म्हणायचे. "हिला मेलीला पहिल्यापासूनच कशाची हौस नाही," आत्या म्हणायची. माझ्या पाठचं बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही, त्यानंतरचे ते दिवस होते, हे मला फार उशिरा कळलं. पुढे कधीतरी आईचा चेहरा परत आला. कधी आला ते मात्र मला सांगता येणार नाही. मी तोवर समोर नाचणं सोडून दिलं होतं.

आणि आता तो चेहरा माझ्या घरात यायला लागला होता. गॅसवरच्या दुधाकडे बघता बघता मी थांबायचे. चिमणी हाक मारायची, म्हणजे तिच्या भाषेत ओरडायची. ते ऐकू यायचं, पण शेजारच्या घरातलं असल्यासारखं. दूध उतू गेल्यावरच मी भानावर यायचे. "झोप पुरी होत नाही तुझी," नवरा म्हणायचा आणि फडकं घेऊन ओटा पुसायचा. भला माणूस आहे. पण मला झोप नको होती. तो चेहरा माझ्यात आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं. म्हणून मी प्रात्यक्षिकाला हो म्हटलं. बाळाच्या ओळखीचं कुणीतरी सोबत हवं होतं. नवरा कामावर. आईशिवाय होतं कोण?

"म्हणजे नक्की करायचं काय?" आईनं विचारलं. तिच्या हातात काज अर्धं होतं.

"काही नाही गं. आधी थोडा वेळ तिच्याशी खेळायचं. मग दोन मिनिटं नुसतं बघायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही. मग पुन्हा खेळायचं."

"कशाला?"

"बाळ काय करतं ते बघायला. अभ्यास असतो तो."

आईनं दोरा दातानं तोडला. "दोन मिनिटं म्हणजे खूप होतात गं," ती म्हणाली, आणि दुसरा शर्ट घेतला.

प्रात्यक्षिकाची खोली लहान होती. एक उंच खुर्ची, तिच्यासमोर एक साधी खुर्ची, आणि एका भिंतीत काच. आतून बघितलं तर आरसा, बाहेरून बघितलं तर खिडकी. वर्ग काचेपलीकडे उभा राहिला. आईही तिकडेच. घड्याळ काकांकडे होतं. वेळ झाली की ते काचेवर टकटक करणार होते.

"ताई, माझ्यावर सोडा. बस वेळेत सोडायची सवय आहे मला," ते म्हणाले.

मी चिमणीला खुर्चीत बसवून पट्टा लावला. आम्ही खेळलो. मी तोंडावर हात धरले, काढले, ती खिदळली. पायांनी खुर्ची बडवली. पहिली टकटक झाली. मी चेहरा कोरा केला.

ती अजून हसतच होती. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून तिनं माझ्याकडे नीट बघितलं. टाळ्या वाजवल्या. मी बघत राहिले. तिनं पंख्याकडे बोट दाखवलं. पंखा दाखवला की मी हमखास बोलते, हे तिला ठाऊक आहे. तिनं पुन्हा बोट दाखवलं, आता जोरानं, मग दोन्ही हात पुढे केले. मग अशी किंकाळी फोडली की काचेपलीकडे कुणीतरी हललं. मी बघत होते. मला सगळं दिसत होतं. तिच्या हनुवटीवरची लाळ, कपाळावर चिकटलेले केस. आणि मला बिलकुल जड जात नव्हतं. भीती याचीच वाटत होती. सोपं होतं ते. थंड, स्वच्छ आणि ओळखीचं. आपल्या जुन्या घरात दिवा न लावता पाणी प्यायला जावं इतकं सोपं.

शेवटी चिमणीनं मान वळवली. खुर्चीचा पट्टा हातात घेतला आणि त्याच्याशीच काहीतरी करत बसली. रडलीसुद्धा नाही.

टकटक झाली.

मी ऐकली. आता हसायचं, बोलायचं. मी आतून हसले. ओठ हलले नाहीत. पुन्हा टकटक. मी जोर लावला. गाल दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. 'चिमणे' अशी हाक मी मारली, पण ती घशाच्या आतच राहिली.

"ताई, झाली वेळ!" काका काचेपलीकडून ओरडले. "ताई?"

दार उघडलं. मॅडम आत धावल्या आणि पट्टा सोडून त्यांनी बाळाला उचललं. मागोमाग ती मागच्या बाकावरची मुलगी, खुळखुळा वाजवत. काका दारातच घड्याळ धरून उभे. "मी वेळेत वाजवलं हो, शपथ," ते म्हणत होते. सगळे बाळाकडे गेले. जायलाच हवं होतं.

आई बाळाकडे गेली नाही.

ती सरळ माझ्यासमोर आली आणि चिमणीच्या खुर्चीला पाठ करून खाली बसली. तिनं दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवले. बोटांची टोकं सुईनं खरबरीत झालेली. मुंग्या आलेला पाय चोळतात, तसे तिनं माझे गाल चोळले.

"जोर लावू नकोस," ती हळूच म्हणाली. "जोर लावला की येत नाही. येतो तो. इकडे बघ. माझ्याकडे बघ."

मी बघितलं. आणि आईनं गाल फुगवले. भुवया वर नेल्या, डोळे फिरवले, ओठांचा चंबू करून फुर्र केलं. भर वर्गासमोर, पिकल्या केसांची माझी आई, मला वेडावून दाखवत होती. जीभ बाहेर काढली. पुन्हा फुर्र केलं. पुन्हा. कुणी हसलं नाही. मला वाटतं, काकांनी तोंड फिरवलं.

पहिल्यांदा माझी हनुवटी हलली. मग सगळंच एकदम आलं, हसू आणि रडू मिसळून, नाकातून पाणी वाहायला लागलं.

"आला बघ," आई म्हणाली. गुडघ्यावर हात टेकत उठली. "आता घे तिला."

कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. चिमणी आईच्या मांडीवर होती, माझ्याकडे पाठ करून. चहा निवेपर्यंत मी धीर गोळा केला.

"आई, तुझ्या वेळी कोण यायचं?"

"कुठे?"

"असं. गाल चोळायला."

तिनं बशी पुसली. ती कोरडीच होती. "तू यायचीस की."

मी कप खाली ठेवला.

"दिसायचं गं मला सगळं," ती म्हणाली. "पातेलं घालून यायचीस. पडायचीस. मला वाटायचं, आता उठू, आता हिला उचलू. हात उचलेपर्यंत तू निघून गेलेली असायचीस." मग, "तुम्हाला शिकवतात का हे? पुस्तकात असतं?"

"असतं. पण बाळाचं असतं. आईचं फारसं नाही."

"हं," आई म्हणाली. "चहा गोड केलाय मेल्यानं."

घरी आल्यावर मी चिमणीला भरवायला बसले. एरवी घास दिसला की ती तोंड उघडते. आज चमचा ओठांशी नेला तरी तोंड बंद. ती चमच्याकडे बघतच नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मोठ्या माणसानं बघावं तसं, अंदाज घेत. मी हसले. ती थांबली. अजून बघितलं. मग सावकाश तोंड उघडलं आणि घास घेतला. पुढच्या घासाला पुन्हा तेच.

आई दाराशी पिशवी भरत होती. तिनं ते पाहिलं.

"या वयातलं लक्षात राहत नाही गं त्यांच्या," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी चमचा भरला. चिमणीनं बघितलं. मी हसले.

"उद्या कितीला येऊ?" आईनं विचारलं.

"उद्या कॉलेज नाही."

"बरं." तिनं भिंतीला हात टेकून चप्पल घालायला घेतली.

"तरी ये," मी म्हटलं.

आई एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.