शहागडच्या डोहातले शीड

नौका-अपघाताच्या चौकशी अहवालाचा सातवा परिच्छेद असा : ‘नावाडी फकरोद्दीन याने मद्याच्या अमलाखाली नौकेच्या तळाची झडप उघडी ठेवली. परिणामी पोटातील पाणी नदीत वाहून गेले व हलकी झालेली नौका कलंडली.’

पंधरा वर्षांपूर्वीच्या, १९८८ सालच्या या अहवालाची प्रत धर्मराज सरांच्या हाती आता पडली होती. अंबडच्या महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकवला. खोटे कागद ओळखणे हाच त्यांचा धंदा. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि समासात लाल शाईने लिहायला घेतले.

मद्याला साक्षीदार नाही, वैद्यकीय तपासणी नाही. राहिली झडप. झडप तळाला होती आणि तळ पाण्यात होता. पाण्याखालच्या भोकातून पाणी फार तर आत येते. ते बाहेर वाहून जायचे तर त्या सकाळी गोदावरीने स्वतःची पातळी नावेच्या तळाखाली उतरवली असली पाहिजे. नदीच्या या सौजन्याची नोंद मात्र अहवालात नव्हती. खाली तीन अभियंत्यांच्या सह्या होत्या, तिघेही पदवीधर.

नाव आली ती ८४ साली, ट्रकवरून. अकरा वर्षे ती कोकणातल्या एका धक्क्याला खाऱ्या पाण्यात बांधलेली होती. मराठवाड्यातही नौकाविहार हवा, असा कुणा साहेबाला साक्षात्कार झाला आणि ती शहागडच्या डोहात उतरली. तिच्या अंगावर मिठाचे पांढरे पापुद्रे होते. फकरोद्दीनने बोट फिरवून जिभेला लावले होते आणि हसून म्हटले होते, “सर, समिंदर पार्सलनं आला की!” सरांनी समुद्राविषयी कपाटभर ग्रंथ वाचले होते, चव ती पहिलीच.

तिच्या पोटात लोखंडाचे वजन नव्हते, पाण्याची टाकी होती. ती भरली की नाव ताठ उभी राही. रिकामी असली की नुसती हुंदडे. फकरोद्दीनने काठाला चार खांब रोवून तिच्यासाठी गाळा केला होता. पाणी चढले-उतरले तरी ताण बसू नये इतके दोर तो सैल ठेवी. दर रविवारी सर वडीगोद्रीहून सायकलने येत. शीड फुगले की पुलावरचे ट्रक हळू होत, क्लीनर शिट्ट्या मारत. पायाखाली टाकीतले पाणी डुबुक डुबुक वाजे. त्या आवाजासाठी आजही सरांनी कपाटातले निम्मे ग्रंथ रद्दीत घातले असते.

मग एका सोमवारी खात्याच्या मुख्यालयातले साहेब न कळवता तीन पाहुणे घेऊन सात वाजताच आले आणि नावाड्याची वाट न पाहता नाव सोडून निघाले. वळणावर वारा लागला, नाव आडवी झाली. तिथे डोह उथळ होता, माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. नाव पुलाच्या खांबावर फुटली. फकरोद्दीनची नोकरी गेली आणि गावाने त्याला ‘टल्ली नावाडी’ हे नाव बहाल केले.

झडप खोटी, तर मग पाणी हातानेच कुणीतरी उपसले असणार. कुणी? सरांचा संशय साहेबांवर होता. अहवाल दुरुस्त करण्याचा अर्ज तयार होता. नावाड्याची जबानी तेवढी जोडायची राहिली होती. ते शहागडला गेले.

“या सर,” फकरोद्दीनच्या बायकोने, सुगराबीने, दारातच टोमणा मारला. “पंधरा साल झाले, लोक ह्यांना बेवडा म्हनून राह्यले. आन् ह्यांना तर दुसरा कप चहा बी पचत न्हाई.”

“तू गप ना जरा,” खाटेवरून फकरोद्दीन म्हणाला. “सर, त्या झडपेला म्या हात न्हाई लावला. बिलकुल न्हाई.”

“ते मी सिद्धच केलंय, फकरोद्दीनभाई. पण मग पाणी काढलं कुणी?”

फकरोद्दीनने दाराकडे पाहिले. बाहेर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होते.

“सांगून टाका की,” सुगराबी म्हणाली. “चौकशीवाल्यांनी तर इचारलंच न्हाई. सरांनी इचारलं.”

फकरोद्दीनने सरांकडे पाहिले. “काढा कागद. पर एक हरफ बदलू नका.”

पहिले वाक्य लिहून सरांचा हात थांबला. “हे जोडलं तर दोष तुमच्याच अंगावर येईल.”

“येऊ द्या. दारूचा तर जाईल.”

सरांनी पुढे लिहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी कुणाच्या मजकुरात एकही दुरुस्ती केली नाही :

“पानी म्याच काढलं. रोज सांजच्याला डब्यानं टाकी उपसत होतो आन् सकाळी आठला परत भरत होतो. नावेत पानी ठिवून घरी जायचं आमच्यात न्हाई. बापानं तेच शिकवलं. साहेबांनी भरा म्हनून सांगितलं, भरलेली ठिवा म्हनून कोनी न्हाई सांगितलं. त्या दिवशी म्या भरायलाच आल्तो, तवर नाव डोहात गेल्ती. म्या काठावरून वरडलो, पोट रिकामं हाय, पोट रिकामं हाय. साहेबांनी हसून हात हालवला.”