दाराची चुकलेली बाजू

मी एक कडी बोलतेय. पितळेची, वीतभर लांब. चार स्क्रूंवर माझा संसार.

सुताराने मला पहिल्यांदा या खोलीच्या आतून बसवलं. खोली घरातल्या लेकीची. ती मला खट्कन लावायची आणि मैत्रिणीशी फोनवर खिदळत बसायची. पुढे तिची झोप उडाली. मग जेवण सुटलं. समोर कुणी नसताना कुणाला तरी उत्तरं देऊ लागली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जरा सावरत होती, तोच तिच्या आईने एका बुवांना घरी आणलं.

"बाधा आहे," बुवा म्हणाले. "गोळ्यांनी श्रद्धा पातळ होते. बंद करा. बरी होईपर्यंत कोंडा."

दुसऱ्या दिवशी सुतार हजर.

"कडी बाहेरून? आत लेक आहे की गुरं?"

"तू स्क्रू पीळ. शहाणपण नको शिकवू," आई म्हणाली.

त्याने पिळले. तेव्हापासून माझ्या अंगाची आग आग होऊ लागली. याच आईला चक्कर आली, तर अर्ध्या तासात डॉक्टर दारात! रक्तदाबाची गोळी ती रोज देवाला हात जोडून घेते. तेव्हा नाही हिची श्रद्धा पातळ होत! पाहुणे आले की लेक 'मामाकडे गेलीय'. लेक आतून दार बडवायची, आई टीव्हीचा आवाज वाढवायची.

मग घरात नवी सून आली. बोलायची कमी, बघायची फार. एकदा ताट घेऊन आत गेली, तर दाराला आतून मेणाने बुजवलेली चार भोकं दिसली. तिने त्यांवर बोट फिरवलं, मग दाराच्या बाहेरच्या बाजूला डोकावून माझ्याकडे पाहिलं.

"वन्सं, तुम्हाला काय हवंय?"

"देवाला सांगायचं ते मी रोज सांगते गं वहिनी. डॉक्टरांना सांगायला मला कोण नेणार?"

सून तडक शिलाई मशीनच्या खणातला स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

"सूनबाई, हे काय चाललंय?"

"कडी उलटी बसलीय, आई. सरळ करते."

"देव कोपेल!"

"तुमच्या गोळीवर कोपला का?"

सुनेने मला बाहेरून उतरवलं आणि पुन्हा आतून बसवलं.

एका भोकात स्क्रू धरेना, म्हणून आता तिघांवर उभी आहे. वहिनीसोबत डॉक्टरांकडे जाऊन परतल्यावर लेकीने मला आतून लावलं. बाहेर आईचा चेहरा पांढराफटक. पाच मिनिटांनी लेकीनेच मला उघडलं.

"कपडे बदलत होते, आई. भूक लागलीय."

विनवणी करायचा माझा स्वभाव नाही, ताकीद देते. मन आजारी पडलं तर देवाला खुशाल हाक मारा, पण दार उघडं ठेवून. मला पुन्हा बाहेरून ठोकायला कुणी आलं, तर त्याची बोटं चेमटल्याशिवाय राहणार नाही.