टांग्याचा वाटा

मी एक जुना टांगा आहे म्हटलं, की मुलं आधी माझ्या दांड्यांपुढे बघतात आणि घोडी कुठे आहे म्हणून विचारतात. मित्रांनो, घोडी नाही. तिचीच गोष्ट सांगायची आहे, पण ती मध्ये येईल. आधी मला जरा टेकू द्या. म्हणजे मी टेकलेलोच आहे, दांडी गावाच्या किनाऱ्यावर, दोन होड्यांच्या मध्ये, एक चाक वाळूत रुतवून. पण फार दमलेल्याला बसल्यावरही आणखी बसावंसं वाटतं.

माझा जन्म पालघरचा. विश्राम सुताराने मला सागाच्या लाकडात घडवलं, बाभळीची चाकं केली, आणि लोहाराने त्यांवर लाल तापलेली लोखंडी धाव चढवली. वरून पाणी ओतलं तेव्हा मी असा करकरलो, की विश्राम म्हणाला, "ओरडून घे बाबा आत्ताच. पुढे ओरडायचं काम भाडं देणाऱ्यांचं." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. रस्त्यावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळला.

माझा मालक जानू. दांडीच्या मच्छीमार घरात जन्मला, आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. लिंबू चघळून झालं, आलं चघळून झालं, देवीला नवस बोलून झाला. भरतीची पहिली लाट आली की जानू काठावर वाकलेलाच. साऱ्या दांडीला त्याचं हसू. शेवटी त्याची आत्या येसूबाई सगळ्यांवर ओरडली, "पोर पान्यात टिकत नाय, त जमिनीवर चालवा त्याला! मासा दर्यातून काढायला घराघरात मानसं हायेत. बोईसरला बाजारात न्यायला कोन हाय?"

अशा रीतीने बाजारातून शेवंती नावाची तांबडी घोडी आली आणि पालघरहून मी आलो.

दांडीत एक रीत आहे. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. खलाशांचे वाटे, जाळ्याचा वाटा, आणि होडीचाही एक वाटा. होडी काही खात नाही, पण तिने काम केलं ना? मग तिचा वाटा. दुरुस्तीला आडवी पडलेली असली तरी तिच्या वाट्याला कोणी हात लावत नाही. पहिल्या पहाटे कोळणींनी बोंबील-मांदेलीच्या पाट्या माझ्यावर चढवल्या आणि बोईसर स्टेशनाशी उतरल्या, तेव्हा जानूने भाड्यासाठी हात पुढे केला. येसूबाईने तो हात बाजूला सारला. माझ्या बैठकीखालचा पत्र्याचा डबा ओढून काढला आणि त्यात मासळी टाकत म्हणाली, "ह्यो जानूचा. ह्यो शेवंतीचा. आन् ह्यो टांग्याचा."

मला वाटा! मित्रांनो, पालघरच्या स्टँडवर कितीतरी टांगे होते, पण स्वतःचा वाटा असलेला टांगा मी एकटाच. जानूची बायको हिरा ती मासळी खारवून वाळवायची, विकायची, आणि त्यातून घोडीची चंदी आणि माझ्या चाकांचं वंगण यायचं. कोणाचं काही अडत नव्हतं.

कोळणी उतरल्या की बोईसरहून परत येताना दुसरे उतारू मिळायचे. तारापूरच्या बाजूला विजेच्या कारखान्याचं मोठं काम निघालं, आणि कुठकुठची माणसं पोटासाठी बोईसरला येऊन राहिली. खोल्यांचे भाव वाढले, भाजीचे वाढले, आणि मग सगळ्यांनी मिळून राग काढायला एकच जागा उरली, ती म्हणजे मी. माझ्यात बसलेल्या माणसाने पायदानावर पाय ठेवला की तोंडातून पहिलं वाक्य भाड्याचंच निघायचं.

"आठ आणे? अरे, तेवढ्यात गाडीनं पालघरला जाऊन यील मानूस!"

"मग जा पालघरला," जानू म्हणायचा. "कामावर खाडा मांडतील तुमचा."

नागोराव आणि सोजराबाई हे परभणीकडचं जोडपं रोजचंच. दोघं कामावर माती वाहायला जायची. नागोराव बसल्या बसल्या सुरू करायचा, "आमच्याकडं एवढ्या पैशात गाडीवान सासुरवाडीला सोडायचा आन् वर चहा पाजायचा."

"मग जावा की सासुरवाडीला," सोजराबाई म्हणायची. "हितं कशाला हाडं झिजवायलात?"

"तिकडं पान्याचा थेंब नाही म्हणून."

"मग गप बसा. शहरात ऱ्हायचं तर शहराचं भाडं."

बोईसरला शहर म्हणणारी ती पहिलीच बाई मी पाहिली. पुढे फारजण म्हणू लागले. सकाळी तेच बोलणं, संध्याकाळी तेच. खोलीचं भाडं, टांग्याचं भाडं, मुंबईत म्हणे याहून महाग, मुंबईत म्हणे याहून स्वस्त. ओझ्याने घोडं मरतं आणि येरझाऱ्याने शिंगरू, असं म्हणतात. मी दोन्हींतून वाचलो, पण भाड्याच्या गप्पांनी मला लवकर म्हातारं केलं.

सोजराबाई मनाची वाईट नव्हती. फडक्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून ती रोज शेवंतीला द्यायची. पण बैठकीवर बसली की पदर नाकाला. "जानूभाऊ, दिसभर लुगड्याला वास येतो बघा. बाया हसतात मला."

मासळीचं पाणी माझ्या फळ्यांत मुरलं होतं, त्याला जानू तरी काय करणार? तो हसून सोडून द्यायचा. पण एक दिवस कामावरचा कारकून दिनानाथ म्हणाला, "जानू, हा वास नसता ना, तर आम्ही चौघांनी तुझा टांगा महिन्याने बांधून घेतला असता. रोजची कटकटच नको. चांगली माणसं बसतील तुझ्या टांग्यात."

चांगली माणसं. तो शब्द जानूच्या डोक्यात काट्यासारखा अडकला. होडीत ओकणारा म्हणून जन्मभर हसं झालेला माणूस तो. आपल्या टांग्यात इस्त्रीचे कपडे घातलेले लोक बसलेले त्याला दिसू लागले.

त्याने मला रिठ्याच्या पाण्याने घासलं. राखेने घासलं. हिरवा रंग दिला, नवी गादी केली, बैठकीखालचा पत्र्याचा डबा काढून माळ्यावर टाकला. दुसऱ्या पहाटे येसूबाई पाटी घेऊन आली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता साज घट्ट करत म्हणाला, "आत्या, आता पाट्या नाय घ्यायच्या. तू ये ना, तू बस. पाटी तेवढी नको."

"पाटी सोडून बाजारात काय इकू, जीभ?"

"सायबलोकांचा टांगा हाय आता. वास चालत नाय."

येसूबाईने माझ्यावर एकदा हात फिरवला. ओला रंग तिच्या बोटांना लागला. मग तिने पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. तिच्यामागून बाकीच्या निघाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

येसूबाईच्या उजव्या गुडघ्यात तेव्हाच कळ यायची. दांडी ते बोईसर हा रस्ता काही अंगणातला नव्हे. रोज पहाटे आम्ही त्या बायांना मागे टाकून पुढे जायचो. येसूबाईजवळ आलो की शेवंती सवयीने पाय हळू करायची, मान वळवायची. जानू लगाम खेचायचा आणि समोर बघायचा. मित्रांनो, त्या वेळी मला नव्या गादीची लाज वाटायची.

चांगली माणसं महिना-दोन महिने बसली. मग बोईसरहून कारखान्याच्या कामापर्यंत मोटार सुरू झाली. पहिल्या दिवशी तिला झेंडूच्या माळा होत्या. भाडं माझ्या निम्म्याहून कमी. दिनानाथ खिडकीजवळची जागा पकडून बसला आणि जानूला हात हलवून म्हणाला, "ये की रे तूही एकदा!" नागोराव-सोजराबाई गेली. जाताना सोजराबाईने शेवंतीला आख्खी भाकरी दिली, तेव्हाच मी समजलो की ती आता यायची नाही. त्यांचं तरी काय चुकलं? हाडं झिजवून मिळवलेला पैसा कोणी नुसत्या धक्क्यांसाठी का देईल?

जानू स्टेशनाशी उन्हात उभा राहायचा. एकही माणूस यायचा नाही. आणि आता त्याला कळलं, की मोटारीच्या आधी जे होतं ते त्याने स्वतःच धुऊन टाकलं होतं.

"तेलही गेलं, तूपही गेलं," हिरा घोडीच्या चंदीच्या रिकाम्या तोबऱ्याकडे बघत म्हणाली. "अजून आत्याकडं जा. पाया पड. ती नाय म्हणनार नाय."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच तोंडानं जा. दुसरं कुठं हाय?"

पण जानू गेला नाही. शेवंतीच्या फासळ्या दिसू लागल्या. तिला उपाशी बघवेना, आणि आत्यासमोर वाकवेना. असल्या दोन दगडांमध्ये सापडलेला माणूस नेहमी चुकीचा दगड उचलतो. वाणगावच्या एका गवतवाल्याला गाडीसाठी जनावर हवं होतं. जानूने शेवंती त्याला विकली. ती गेली तेव्हा जानू घराच्या मागे जाऊन उभा राहिला. घुंगरांचा आवाज वळणापर्यंत येत होता. मी दांड्या जमिनीला टेकवून पडलो होतो. इतकं वाईट मला कधी वाटलं नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी उजाडता उजाडता येसूबाई आली. मागे बाकीच्या बाया, सगळ्यांच्या डोक्यावर पाट्या. आदल्या दिवशी वाटेतच तिचा गुडघा धरला होता. बायांनी मोटारीला हात केला, तर कंडक्टरने ओल्या पाट्या पाहून दारच लावून घेतलं. येसूबाई लंगडत अंगणात शिरली आणि म्हणाली, "जानू, रुसवा बास झाला. तुजाबी आन् माजाबी. घोडी जुंप."

 हिराच म्हणाली, "आत्या, घोडी नाय. काल इकली."

येसूबाईने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही शिव्या देणार, आणि द्यायलाच हव्या होत्या. तिने डोक्यावरची पाटी उतरवली आणि माझ्या नव्या गादीवर ठेवली. पाणी गादीत झिरपत गेलं.

"होडी गाळात बसली की काय करतात रं? का समुद्र लागतो म्हनून तेबी शिकला नायस?"

"ओढतात," जानू खाली बघत म्हणाला.

"मग धर की!"

जानू दोन दांड्यांच्या मध्ये शिरला, शेवंतीच्या जागी. दोघी बायांनी दांड्या धरल्या, दोघींनी मागून खांदा लावला. किनाऱ्यावर होडी ओढताना घालतात तशी येसूबाईने वरून हाळी घातली, "हैश्शा!" हो, वरून. तिला त्यांनी पाट्यांबरोबर माझ्यावरच बसवलं होतं. माझी चाकं हलली. मित्रांनो, घोडीने ओढलेला टांगा मी पुष्कळ वर्षं होतो, पण माणसांनी ओढलेला त्या दिवशी पहिल्यांदा झालो, आणि माझं वजन किती आहे ते मला तेव्हा कळलं. चढावर जानूच्या मानेच्या शिरा फुगत होत्या. तो रडत होता की घामाने भिजला होता, ते मागून दिसत नव्हतं.

वाटेत कामावर निघालेली मोटार समोरून आली. खिडकीत सोजराबाई होती. तिने पदर नाकाला लावला नाही, तोंडाला लावला. नवऱ्याला काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. भाड्याचंच असेल.

बोईसरला पोचल्यावर बरोबर आलेल्या हिराने माळ्यावरून काढून आणलेला डबा पुढे केला. येसूबाईने मासळीची मूठ टाकली. "ह्यो जानूचा. ह्यो टांग्याचा." मग तिसरी मूठ भरली आणि हात तसाच राहिला.

"आता तो कशाला, आत्या?" जानू म्हणाला.

"कशाला म्हंजी? तिनं ओढलं नाय इतकी वरसं? पडलेल्या होडीचा वाटा बंद करतात कदी?" आणि तिने ती मूठ डब्यात टाकली. "ह्यो शेवंतीचा. तिला पोचव."

पुढे माझं छत काढलं, गादी काढली, आणि मी पाट्यांची हातगाडी झालो. जानू दांड्यांत आणि बाया मागून, अशी दोन-तीन वर्षं आम्ही ती वाट काढली. आता माझं एक चाक मोडलं आहे. येसूबाई बाजाराला जात नाही, पण माझ्या फळ्यांवर तिचे बोंबील वाळत असतात. मित्रांनो, तुमच्या घरी जे जुनं झालं असेल त्याला धुवा, वंगण घाला, सावलीत ठेवा. पण त्याला चांगल्या माणसांसाठी म्हणून इतकं घासू नका, की ज्यांनी त्याला वापरलं त्यांचा वासही राहणार नाही.

शेवंतीचा वाटा अजून पडतो, आणि हिरा तो वेगळा वाळवते. तो विकून चणे येतात, आणि ते फडक्यात बांधून जानू महिन्यातून एकदा बोईसरहून गाडीने वाणगावला जातो. म्हातारी घोडी त्याच्या पावलांचा आवाज ओळखते म्हणे. हिरा हिशेब करून सांगते, की चण्यांपेक्षा गाडीचं भाडंच जास्त पडतं. जानू ऐकतो, तिकीट काढतो आणि जातो. मी जन्मभर उतारू पाहिले. भाड्याबद्दल एक शब्दही न बोलणारा तो एवढा एकच.