अहोंचा शेरा

“बाहीची शिवण सरळ आली म्हणून एवढं कौतुक! इथे माझा चहा गार झाला, त्यावर कोणी लिहीत नाही,” सासूबाई मशीनशेजारच्या खुर्चीतून पुटपुटल्या. त्यांचं पुटपुटणं नेहमी समोरच्याला नीट ऐकू जाईल इतकंच हळू असायचं.

“झालंच आई. एवढी पोस्ट टाकते आणि गरम करून देते.”

“शेरा काय घातलास?”

सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं.

पुढच्या खोलीत ती कपडे दुरुस्तीचं काम करायची. उसवलेलं शिवायचं, आखूड झालेलं सोडायचं, चेन बदलायची. गिऱ्हाईक नसलं की ब्लॉग लिहायची. सुरुवातीला वाचायला ती स्वतः आणि तिची बहीण, एवढाच काय तो जमाव. मग एकदा तिने विरलेली कॉलर उलटून कशी लावायची ते लिहिलं आणि शेवटी नवऱ्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवून दिलं: ‘कॉलरसारखी माणसं उलटवता आली असती, तर पहिला माझा साहेब आणला असता तुझ्याकडे.’ नवरा कारखान्यात वीजमिस्त्री होता. तेव्हापासून प्रत्येक पोस्टखाली ‘अहोंचा शेरा’ हा रिवाजच पडला. लोक शिवण शिकायला यायचे आणि शेऱ्यापाशी रेंगाळायचे. पुढे पुढे तर शिवण ओलांडून थेट तळ गाठायचे.

दीड वर्षापूर्वी अहो कामावर कोसळले ते उठलेच नाहीत. ब्लॉग बंद पडला. वाचणारे विचारू लागले, ‘ताई, कुठे आहात? अहो काय म्हणतात?’ खरं लिहायला बसली तर बोटं चालेनात. शेवटी घरात शंभरदा ऐकलेलं त्यांचं एक वाक्य तिने अहोंचा शेरा म्हणून ब्लॉगवर टाकलं. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नसे. त्यांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मागून जेवल्या.

मग काय, आठवतील तेवढी वाक्यं बाहेर निघाली. साठा संपला तशा दोघी मिळून नवे शेरे रचू लागल्या. घरात ‘गेला’ हा शब्द कोणी काढत नसे. ‘त्या दिवसानंतर’ म्हटलं की पुरे.

“वाच तरी,” सासूबाई म्हणाल्या.

“‘बाह्या आखूड केल्यास, आता जीभही थोडी आखूड कर.’”

“हे त्याचं नाही. साहेब सोडला तर त्याने कधी कोणाला टोचलं नाही. हे तुझं आहे. कोणावर चिडलीयेस?”

“तुमच्यावरच. चहावरून.”

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ती शेरा खोडत होती तेवढ्यात फोन किणकिणला. ब्लॉगच्या साइटने हल्ली नवीनच थेरं सुरू केली होती. पोस्टला बदाम द्यायचे, थेट निरोप धाडायचे, आणि माणूस साइटवर हजर असला की नावापुढे हिरवा ठिपका. निरोप ‘हरवलेलं बटण’ या बाईंचा होता. चेहरा ठाऊक नाही, पण पहिल्यापासूनच्या वाचक.

“काय गं? चेहरा का उतरला?”

तिने मोठ्याने वाचलं. “‘ताई, माझे मिस्टर बरेच दिवस दवाखान्यात होते. मी त्यांना रोज अहोंचा शेरा वाचून दाखवायची. परवा ते गेले. शेवटचं हसले ते पायजम्याच्या नाडीच्या शेऱ्यावर. आता कोणाशी बोलावंसं वाटत नाही. अहोंना सांगाल का, माझ्यासाठी एक शेरा द्या म्हणून? ते म्हणतील तसं करीन.’”

नाडीचा शेरा सासूबाईंचा होता. भाजी निवडता निवडता सुचलेला.

तिने लिहिलं, ‘रडून घ्या’. खोडलं. ‘धीर धरा’ लिहिलं, तेही खोडलं. धीर धरा हे वाक्य तिने स्वतः इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा वीट आला होता.

“तो असता तर काहीच बोलला नसता,” सासूबाई म्हणाल्या. “तिच्या घरी जाऊन एखादा बंद दिवा लावून दिला असता.”

‘असता तर.’ दोघींनी ते ऐकलं. दोघींनी न ऐकल्यासारखं केलं.

“नंतर बघू,” ती म्हणाली. “उद्या काहीतरी सुचेल.”

“ती वाट बघत असेल.”

“बघतेच आहे. ठिपका दिसतोय तिचा. माझाही तिला दिसत असणार.”

“मग?”

“मग काय, आई! खोटं लिहायला हात धजत नाही. खरं लिहिलं तर ती थुंकेल आपल्यावर. आणि उद्यापासून तुम्हाला काय वाचून दाखवू?”

सासूबाईंनी कप उचलला. गार चहा एका घोटात संपवला, कप मशीनच्या फळीवर ठेवला आणि खुर्ची ओढून फोनच्या पडद्याजवळ आल्या. जणू आता सगळं दिसणार होतं.

“शेऱ्याच्या जागीच लिही,” त्या म्हणाल्या. “बाई, मी अहोंची आई. नाडीचा शेरा माझा. तुझा नवरा हसला, बरं वाटलं.” त्या थांबल्या. “लिहिलंस?”

“हो.”

“आता पुढे लिही. माझा मुलगा गेला.”