तीन कोरे रकाने

एप्रिलमध्ये दुपारी साडेबाराला जळगावात गच्चीवर कोणी उगाच जात नाही. मी वर्षभर कॉलेजच्या गच्चीवर जाते आहे. ऊन डोक्यावर आलं की कॉलेजचं हातातलं यंत्र सूर्याकडे रोखायचं आणि वर ओझोन किती उरलाय तो डॉबसन एककातला आकडा वहीत लिहायचा. सासूबाई सोनगीरच्या. त्या ओझोनला ओझं म्हणतात. संध्याकाळी दारातच विचारतात, "तुनं ओझं मोजाई गयं का, शिल्पा?"

मागच्या आठवड्यात माझ्या लेकीला, चिमीला ताप होता. तीन दिवस मी तिच्या उशाशी थर्मामीटर घेऊन बसले, आणि वहीतले तीन रकाने कोरे राहिले.

सोमवारी विभागप्रमुख अभयकुमार सरांनी बोलावलं. अहवाल पाठवायचा होता. आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून मधले तीन बसवून टाका, म्हणाले. पाच-सहाचा फरक कोणाला कळतोय? नाहीतर यंत्र आपल्या विभागातल्या प्रेमराजकडे देऊ, त्याच्यामागे लहान मूल नाही.

घरी येईपर्यंत मी दोन्ही बाजू तोलत होते. यंत्र गेलं तर माझं कामच गेलं. पण ओझोनची घट असलीच तर ती वर्षाला एका अंकाचीही नसते. पाच-सहाच्या अंदाजाखाली ती कायमची गाडली जाते.

चिमीचा ताप उतरून दोन-तीन दिवस झाले होते, तरी मंगळवारी तिला नजरेआड करायला जीव धजेना. तिला आणि सासूबाईंना घेऊनच कॉलेजात गेले. सासूबाई तिला मांडीवर घेऊन जिन्याच्या सावलीत बसल्या. मी यंत्राची काच पुसत होते, तेवढ्यात सर वही घेऊन वर आले आणि कोरे रकाने पुढे धरले.

मी तिन्ही रकान्यांत लिहिलं : मूल आजारी, मोजलं नाही. खाली सही केली.

"मॅडम, हे असं अहवालात जाणार?"

"असंच जाणार."

"मग उद्यापासून यंत्र प्रेमराजकडे."

"द्या. तुझे चुकलेले दिवसही कोरेच ठेव, असं मी त्याला सांगेन. आजचे साडेबारा मात्र माझे आहेत."

साडेबारा वाजले. यंत्र वर धरलं, तर सर अजून वाकून वहीच वाचत होते.

"भाऊ, जरासं सरका," जिन्यातून सासूबाई म्हणाल्या. "तिना ओझावर तुमनी सावली पडी ऱ्हायनी."

सर सरकले. मी पाच वेळा मोजलं आणि त्यांच्यासमोरच लिहिलं : दोनशे चौसष्ट.